माथा लागला वावरात

चंद्रपूर-गडचिरोलीत राहून डोंगरांची यादी करणं हा मुळातच चेष्टेचा विषय. नाशिककर मित्र कळसूबाईचे 1646 मीटर तोंडावर फेकतात. आमचा सगळ्यात उंच गडलगट्टा, 967 मीटर. तरी मी यादी केलीच: पेरजागड, टिपागड, माणिकगडचा पहाड आणि अधल्यामधल्या टेकड्या. स्कॉटलंडात ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने 1891 साली तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली आणि लोक ती पुरी करायच्या मागे लागले. खुद्द मन्रो मात्र ती पुरी न करताच 1919 साली वारला. त्याच्या मापात बसला असता तो आमचा गडलगट्टाच, आणि नेमका तोच मी गाळला. तो ज्या सुरजागडच्या रांगांत आहे, तिथे एकीकडे लोहखनिजाची खाण चालते, दुसरीकडे जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. जिथे डोंगर कोणाचा यावरून माणसं वर्षानुवर्षं भांडताहेत, तिथे जाऊन यादीत खूण करणं मला बरं वाटेना.

राहिला होता माणिकगडचा पहाड. तो एकट्याने, एका दिवसात करायचा होता.

‘एकट्याने’ या शब्दाची ऐट आमच्याकडे चालत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या रानात बाया पोटासाठी घोळक्याने जातात आणि तरी परतत नाहीत, तिथे हौसेने एकटं हिंडणं म्हणजे शुद्ध माज. म्हणून पेरजागडला सोबत घेऊन गेलो होतो. (तिथे वाघाइतकीच भीती कड्यावरच्या आग्या मोहोळांची.) जिवतीकडचा हा माणिकगडचा पहाड वेगळा. चालताना वस्ती, वावर, बैलगाडी काही ना काही लागत राहतं.

थंडीत, भल्या सकाळी माणिकगड किल्ल्यापासून निघालो. दरवाजावर नाग कोरलेला आहे; नागवंशी राजांनी किल्ला बांधला असं इथे सांगतात. तटावरून खाली गडचांदूरकडे पाहिलं की सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. हा पहाड थरांचा आहे: खाली चुनखडी, वर लाव्हाचा काळा दगड. खालच्या थरावर कारखाने जगतात, वरच्या काळ्या मातीवर कापूस. कडेची चढण दमवते, पण एकदा वर आलं की पुढे सगळं सपाट. पऱ्हाटी, तूर, ज्वारी, मध्येच कोलामांचा गुडा, मग 1972 च्या दुष्काळानंतर नांदेड-लातूरकडून आलेल्यांची गावं. बोली कानाला थेट मराठवाड्याची लागते. त्यात नवल नाही; शिवाय राजुऱ्याचा हा सगळा मुलूख 1956 पर्यंत निजामी हैदराबादच्या वारशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता; मग नांदेडात गेला आणि 1959 ला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला.

पुढे सीमेकडे तर आणखी मजा. मुकदमगुडा, महाराजगुडा अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडे मतदान. तिथल्याच जंगुबाई देवीच्या गुहेत पुस महिन्यात गोंड भाविक दोन्ही राज्यांतून येतात.

मी तिथवर गेलो नाही. मला हवा होता माथा, आणि पठाराला माथा नसतो. दुपारभर मोबाइलवर उंचीचा आकडा बघत बांधाबांधाने फिरलो. दोन मीटर वाढायचे, तीन उतरायचे. शेवटी सगळ्यात मोठा आकडा दिसला तो एका पऱ्हाटीच्या मधोमध. कापूस वेचणाऱ्या आजीबाई कमरेची ओटी सावरत उभ्या राहिल्या.

“कोणत्या खात्याचे हो तुम्ही? फॉरेस्टचे का महसूलचे?”

“कोणत्याच नाही आजी. उंची बघतोय.”

“कशाची?”

“तुमच्या वावराची. सगळ्यात उंच जागा हीच आहे.”

त्यांनी पायाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. “आमचे मालक गेले या जमिनीचा पट्टा मागता मागता. लेकाचेबी केस पिकले. मोजून बरेच जातात बाबा, कागद कोणी देत नाही. तुमच्याजवळ आहे का कागद?”

माझ्याजवळ यादीचा कागद होता. तो काही मी खिशातून काढला नाही. त्यांनी सांगितलेल्या वाटेने जिवतीच्या रस्त्याला लागलो आणि गडचांदूरची शेवटची काळीपिवळी धरली.