पाच लाख नाकारले, बरं केलं

कर्नाटकच्या गौतम आणि चैत्रा या दोन खो-खोपटूंनी राज्य सरकारचे पाच लाख रुपये नाकारले, तेव्हा आमच्या धारवाडातही काहींनी नाकं मुरडली. पोरांना हाव सुटली म्हणे! मला हे बोलणं ऐकवत नाही. त्यांनी केलं ते योग्यच केलं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं, महिलांनी ७८-४० असं. गौतम पुरुष संघात, चैत्रा महिला संघात. महाराष्ट्रानं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि सरकारी नोकरी जाहीर केली. त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खेळलेल्या कर्नाटकच्या पोरांपुढे पाच लाख ठेवले गेले.

आमच्याकडे शाळेच्या मैदानावर संध्याकाळी उभं राहून बघा. एका हातानं खांब धरून पोरगं गर्रकन वळतं, पाठलाग करणारा मुरमावरच सूर मारतो आणि सोललेलं कोपर झटकत उठतो. रक्त पुसायलाही थांबत नाही. विश्वचषक मॅटवर खेळतात. तिथवर पोचायचं ते या मुरमावरून. हे गुडघे किती वर्षं साथ देणार? खेळ संपला की पोटाचं काय? म्हणून मला रकमेपेक्षा नोकरीचा प्रश्न मोठा वाटतो. पाच लाखांत आयुष्य निघत नाही.

खो-खो ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून बक्षीस कमी, ही सबब मला मान्य नाही. दुसऱ्या एका खेळाचं उदाहरण बघा: राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉल १९९८ पासून आहे, पण फक्त महिलांचा. मग देशाकडून नेटबॉल खेळणाऱ्या पुरुषांची मेहनत कमी दर्जाची ठरवायची का? स्पर्धांच्या यादीत कुठला खेळ असावा, हे खेळाडू ठरवत नाही.

आणि सरकारला उत्साह नाही, असंही नाही. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या संघानं आयपीएल जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर सत्कार झाला. एका खासगी संघाचा! त्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा माणसं चेंगरून मेली. एवढी घाई देशाच्या जर्सीसाठी का होत नाही?

बेळगावला हिवाळी अधिवेशन भरतं. हुबळी-धारवाडच्या आमदारांनी तिथं हा प्रश्न लावून धरावा. ऑलिंपिकबाहेरच्या खेळात जगज्जेता ठरणाऱ्याला किती रक्कम आणि कुठली नोकरी, हे स्पर्धेआधीच लेखी ठरलेलं हवं, म्हणजे खेळाडूवर हात पसरण्याची वेळ येणार नाही.