पहिली दुरुस्ती गाडीच्या किमतीतच धरा



गेल्या महिन्यात आमच्या घरी जुनी गाडी आली. तेव्हापासून सोसायटीत आणि मंदिराच्या ओट्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो, "केवढ्याला पडली?" मी म्हणते, दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. मग ज्यांना सौदा माहीत आहे त्या चकित होतात. "अहो, दोन लाख आठ हजारांना ठरली होती ना?" ठरली होती तेवढ्यालाच. पण पडली 2,48,000 ला, आणि या दोन आकड्यांतला फरक गाडी पाहायला जायच्या आधीच माझ्या वहीत लिहिलेला होता. आज लिहायचंय ते त्या फरकाबद्दल.

बीएमसीसीत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की जुनं यंत्र विकत घेतलं आणि ते चालू करण्याआधी दुरुस्त केलं, तर तो दुरुस्तीचा खर्च त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवायचा नाही. तो यंत्राच्या किमतीत मिळवायचा. पुढे ते यंत्र चालवताना जे तेलपाणी कराल ते वेगळं, महसुली खर्चात. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि आम्ही तो दोन गुणांसाठी पाठ करायचो. चाळीस वर्षं संसार केल्यावर मला वाटतं, अख्ख्या पदवीत घराला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य तेच असावं.

कारण आपल्याकडे चालतं उलटं. घरात गाडीसाठी अडीच लाख आहेत, तर अडीच लाखांची गाडी शोधतात. ती मिळाली की नारळ, पेढे, सीट कव्हर, मोठ्या आवाजाचा म्युझिक सिस्टिम. दोन महिन्यांनी मेस्त्री म्हणतो टायर गेलेत, तेव्हा घरात धुसफूस सुरू होते. "एवढी महाग गाडी घेतली आणि वर परत खर्च?" गाडीला दोष, विकणाऱ्याला दोष, कधी कधी ज्याने सुचवली त्या भाच्याला दोष. गाडी बिचारी तशीच होती, तिच्या किमतीचा अर्धवट आकडा आपण धरला होता.

आमची गरज साधी होती. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांमुळे रिक्षात चढणं अवघड. यांचे डोळे रात्री साथ देत नाहीत, त्यामुळे चालवणार मी. मुलगा बंगळुरूला, त्याचं म्हणणं "आई, कॅब मागव ना." दवाखान्याला कॅब ठीक. पण सासूबाईंना कुंभोजला बाहुबलीचं दर्शन घ्यायचंय, वाटेत दोन ठिकाणी थांबून, सूर्यास्ताआधी जेवण उरकून. त्याला आपली गाडी हवी. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा नवीच घ्यावी का, हाही विचार झाला. पण महिन्यातून दोन-तीनशे किलोमीटरसाठी तेवढी रक्कम अडकवणं मला पटेना. पैसे माझ्या मुदत ठेवीतले होते, त्यामुळे माझं पटणं जरा महत्त्वाचं होतं!

आम्ही दोन गाड्या नीट पाहिल्या. पहिली 2013 ची वॅगन आर, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. चकाचक पॉलिश, आत अत्तराचा वास, भाव 2,45,000. तिथल्या मुलाने यांना इंजिनाबद्दल सांगितलं आणि मला विचारलं, "मॅडम, कलर आवडला का?" मी खाली वाकून टायर वाचत होते. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2317 म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसो, आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. सर्व्हिसिंगची कागदं मागितली, तर "बघून सांगतो." अजून बघतोच आहे.

दुसरी आमच्याच बिबवेवाडीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, नोव्हेंबर 2012 ची आय टेन, 58,000 किलोमीटर झालेली. मागणी 2,25,000. दिसायला वॅगन आरपुढे अगदीच सामान्य, डाव्या दारावर ओरखडा. पण फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल. "वहिनी, फार वापरलेलीच नाही, देवदर्शन आणि बाजार एवढंच," असं ते म्हणाले.

इथे जरा थांबते, कारण हे वाक्य तुम्हालाही ऐकू येणार. कमी वापरलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज अर्धाच खरा आहे. रबर, तेल, बॅटरी ही माणसांसारखी बसूनही म्हातारी होतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून गाडी हलली नाही तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतही नाही, आणि बॅटरी पुरती भरत नाही.

आणि या 1.1 लिटरच्या आय टेनमध्ये टायमिंग बेल्ट आहे. आमचे मेस्त्री मला काकू म्हणतात आणि समजावून सांगायला कंटाळत नाहीत, म्हणून मला हे कळलं. इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि झडपा उघडबंद होतात. दोघांचा ताल जुळवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतात आणि मग पट्ट्याच्या कितीतरी पट खर्च. तुटण्यापूर्वी तो बहुधा आवाज करत नाही, दिवा लावत नाही. त्याच आय टेनच्या 1.2 कप्पा इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी असते, 2010 नंतरच्या वॅगन आरच्या इंजिनातही साखळीच. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्या, आणि एकीत हा खर्च धरायचा, दुसरीत नाही. विकत घेण्याआधी "बेल्ट आहे की चेन?" एवढं विचारा. विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्राध्यापकांच्या फाइलमध्ये बेल्ट बदलल्याचं बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरायचं. बारा-तेरा वर्षांचं रबर, मग किलोमीटर कितीही असोत.

मेस्त्रींना आधी घेऊन गेले, त्यांची तपासणीची फी दिली (ही फी देताना कुरकुरू नका, नंतरच्या हजारांपुढे ती काहीच नाही) आणि त्यांच्याकडून अंदाज लिहून घेतला. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि बाहेरचे पट्टे मजुरीसह 7,800. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग 4,100. कूलंट आणि ब्रेक ऑइल 1,300, कूलंटचे रबरी पाइप 900. पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे शू 3,400. चार टायर अलाइनमेंटसह 15,500. बेरीज 33,000. बॅटरी वर्षापूर्वीची होती, ती राहिली. हे दर आमच्या मेस्त्रींचे आहेत, नाना पेठेतून सामान आणून. तुमच्याकडे वेगळे असतील. त्यात विमा आणि कागदपत्रांचे 7,000 धरले.

माझी हद्द अडीच लाख. त्यातून चाळीस हजार वजा केले की राहतात 2,10,000. तो कागदच मी प्राध्यापकांपुढे ठेवला. घासाघीस अशी झालीच नाही. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, टायरच्या आकड्यावर जरा अडले, आणि चहा संपेपर्यंत 2,08,000 वर आले. "गाडी जुनी आहे, काहीतरी कमी करा" म्हणण्यापेक्षा लिहिलेला हिशेब दाखवणं दोघांच्याही मानाचं असतं, असं माझं मत.

आता कशाआधी काय. इथे आमच्या घरात मतभेद झाले. यांचं म्हणणं, चालतेय ना, हळूहळू करू. भाच्याचं म्हणणं, सस्पेन्शन, क्लच, सगळं एकदमच नवं करा. मला दोन्ही पटलं नाही. जे बिघडलं तर गाडी थांबणार नाही किंवा भर रस्त्यात बंद पडेल, ते आधी: ब्रेक, टायर, बेल्ट, कूलंट. कोल्हापूरकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या रांगेत बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. सासूबाईंना घेऊन मला तिथे उभं राहायचं नव्हतं. पेट्रोलचे रबरी पाइपही मेस्त्रींना दाखवून घेतले. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि 2012 ची गाडी त्या हिशेबाने बनवलेली नाही. पाइप चांगले निघाले, पण दर सर्व्हिसिंगला बघायचे ठरलंय.

दारावरचा ओरखडा तसाच आहे. सीट कव्हर घेतली, साधी कापडी. दुकानदार लेदरची दाखवत होता, "रेक्झिनच आहे हो" असंही म्हणाला, पण मला त्यावर बसायचं नव्हतं. आणखी एक गोष्ट मी मेस्त्रींना सांगितली. काढलेलं काळं तेल गटारात जाता कामा नये. त्यांच्याकडे ते डब्यात साठवून अधिकृतपणे नेणाऱ्याला देतात, म्हणून मी तिथे जाते. पाण्यातल्या जिवांचा विचार पाणी गाळताना करायचा आणि गॅरेजमध्ये विसरायचा, हे बरं नाही.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या सौद्याच्या दिवशीच घ्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं (राज्यातल्या राज्यात), घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा. विमा आपल्या नावावर करायलाही चौदाच दिवस, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलंय का ते बघा. आणि तुम्ही विकणाऱ्या असाल तर जास्तच जपा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. घरातली जुनी गाडी कुणा ओळखीच्याला "नाव नंतर करू" म्हणून देऊन टाकलेल्या दोघी तरी मला माहीत आहेत. त्यांनी हे वाचून आजच फोन करावा.

आमच्या गाडीची नोंदणी नोव्हेंबर 2027 मध्ये पंधरा वर्षांची होईल. तेव्हा तपासणी, नूतनीकरणाचे पाच हजार, वर पर्यावरण कर. ती ओळ वहीत आत्ताच लिहिली आहे. क्लच मेस्त्रींच्या मते अजून वर्षभर जाईल, म्हणून या महिन्यापासून दर एक तारखेला त्याच्या नावाने सातशे रुपये बाजूला पडतात, दुधाच्या पैशांच्या शेजारच्या डब्यात.