नणंदबाईंचा कॅमोमाइल

गेल्या दिवाळीत आमच्या नणंदबाई जर्मनीहून आल्या, त्या कॅमोमाइलच्या सुक्या फुलांचा डबा घेऊनच. म्हणाल्या, "वहिनी, पोट बिघडलं, झोप येईना, की तिकडे घरोघरी हाच काढा."

फुलं दिसायला चिमुकल्या शेवंतीसारखी. मध्ये पिवळा गेंद, भोवती पांढऱ्या पाकळ्या. वास थेट सफरचंदाचा! म्हणून तर ग्रीक लोकांनी याला 'जमिनीवरचं सफरचंद' म्हटलं आणि त्यावरूनच हे नाव पडलं. आपल्या देशातही हे फूल नवं नाही. युनानी हकीम याला बाबूना म्हणतात. सांधेदुखीवर चोळायचं रोगन बाबूना याचंच.

कृती सोपी. कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर सुकी फुलं टाकून लगेच झाकण ठेवावं आणि दहा मिनिटांनी गाळावं. झाकण विसरायचं नाही हं! याचा गुण सुगंधी तेलात असतो, ते वाफेबरोबर उडून जातं. पोटात गुबारा धरला, पाळीत कळा येऊ लागल्या, तर हा काढा गरम गरम प्यायची तिकडे जुनी रीत आहे. हिरड्या दुखत असल्या तर कोमट काढ्याच्या गुळण्या करतात.

मी हौसेनं सगळ्यांना कप भरून दिले. धाकट्या जावेचा कप संपतो न संपतो तोच तिचे ओठ खाजू लागले, गळ्यावर पुरळ उठलं. माझे तर हातपायच गळाले. तिला तशीच रिक्षात घालून दवाखाना गाठला. इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हिला शेवंती सोसत नाही का?"

खरंच की! शेवंतीची वेणी माळली की तिची मान लाल होते, हे मला ठाऊक होतं. शेवंती, झेंडू, गाजरगवत आणि कॅमोमाइल ही सगळी एकाच कुळातली. शाळेत मुलांना फुलं ओळखायला शिकवणारी मी, घरात मात्र चुकले.

सासूबाईंचा कपही डॉक्टरांनी बंद केला, कारण त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही विचारल्याशिवाय देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

डबा अजून फडताळात आहे. माझं पोट बिघडलं की मी काढा घेतेही. पण दुसऱ्या कुणाला देण्याआधी दोन प्रश्न विचारते. शेवंती सोसते ना? आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?