आठ किलोचं लेकरू, एकशेवीस चमचे

आठ किलोचं लेकरू हगवणीनं सुकून दवाखान्यात आलं. डोळे आत गेलेत, जीभ कोरडी पडलीय, पण चमचा ओठाला लावला की अधाशासारखं पितंय. अशा लेकराला चार तासांत ६०० मिलिलिटर ओआरएस गेलं पाहिजे. किलोला ७५ मिलिलिटर, असा हिशेब आहे. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतं, म्हणजे झाले १२० चमचे. चार तासांची मिनिटं २४०, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक चमचा. मधेच ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, जरा सावकाश.

हा हिशेब मी सिस्टरच्या नोकरीभर नव्या पोरींना शिकवला. आता निवृत्त होऊन दर्यापुरात, बनोशातल्या घरी असते. पण भादवा लागला की अजूनही तो डोक्यात फिरतो, कारण त्याची दुसरी बाजू मांडलेली मी कोणत्याच बैठकीत ऐकली नाही. रात्रपाळीला वॉर्डात एक सिस्टर. अशी लेकरं तीन, म्हणजे ३६० चमचे. त्याच चार तासांत एक बाळंतीण अडलेली, एक साप चावलेला, एक म्हातारा ऑक्सिजनवर. पाकिटं कपाटात भरपूर आहेत. पण चमचा द्यायचा कोणी?

आई देईल, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे, आईच देते. पण ती आपोआप देत नाही. एक रात्र मला चांगली आठवते. सून एकोणीस-वीस वर्षांची, सोबत सासू, मांडीवर दहा महिन्यांचं पोरगं. मी पाकीट लिटरभर पाण्यात मिसळलं, वाटी-चमचा सुनेच्या हातात दिला आणि पुढच्या खाटेकडे पळाले. अर्ध्या तासानं येऊन पाहते तर वाटी भरलेली तशीच. सासूनं सांगितलं, ‘बाई, पाणी पाजलं का लगेच हागते थे. म्हून म्याच थांबवलं.’

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डोळ्यांना दिसतं तेच ती सांगत होती. मी खाली बसले. पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. ‘आजी, आता तुमच्या नातीचं पोट पाहा,’ म्हटलं आणि शेजारी खेळणाऱ्या तिच्या धडधाकट नातीला तसाच चिमटा घेतला. कातडी झटकन जागेवर गेली. मग पाच चमचे मी माझ्या हातानं दिले, पुढचे पाच सुनेकडून देववले. सगळी मिळून दहा मिनिटं गेली. पहाटे मी लेबर रूममध्ये असताना सासूबाईंची आरोळी वॉर्डाच्या पार टोकापर्यंत ऐकू आली, ‘मुतलं वं बाई, मुतलं!’ नोकरीत मला प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण ती आरोळी जास्त लक्षात आहे.

त्या दहा मिनिटांना रजिस्टरात रकाना नाही. औषध किती दिलं, सुई किती टोचली, पाकिटं किती वाटली, सगळं लिहून होतं. शेजारी बसून आईचा हात वळवला, हे कुठं लिहायचं? आणि जे लिहिलं जात नाही ते वरच्यांच्या दृष्टीनं कामच नसतं.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पाणी कोणतं घेता, बाई? पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरी-बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी खारट. शहानूर धरणाचं पाणी नळानं गावोगाव आलं, पण नळ चार दिवस आला नाही की लोकांचे पाय हापशीकडे वळतात. पाकिटातलं मीठ लिटरभर गोड्या पाण्यासाठी मोजून घातलेलं असतं. ते खाऱ्या पाण्यात मिसळलं तर लेकराच्या पोटात मीठ जास्त जातं. म्हणून घरी पाठवताना पाकिटासोबत सांगावं लागतं की नळाचं साठवलेलं पाणी उकळून गार करा, हापशीचं नको. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. ते मिनिटही कोणाकडे तरी असायला हवं.

लोक म्हणतात, एवढी झंझट कशाला, सलाईन लावून टाका. सलाईन लागल्याशिवाय दवाखान्यात आल्यासारखं वाटतच नाही! लेकरू निपचित पडलंय, चमचा गिळत नाही, हातपाय गार पडलेत, तिथं सलाईनला पर्याय नाही आणि तिथं एक मिनिटही घालवू नये. पण पिणाऱ्या लेकराच्या हातात सुई खुपसून आई निवांत झाली, की दूध-पाणी बंद पडतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी करून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जिथं शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, तिथं ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या गोष्टीतलं पाकीट सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातले नातेवाईक महत्त्वाचे वाटतात. त्या दिवसांत वॉर्डातला चमचा त्यांच्या हातात होता, आणि त्यांना तो कसा धरायचा हे कोणीतरी शेजारी बसून दाखवलं होतं.

न्यूमोनियाचंही तसंच. ‘पोट उडून राह्यलं’ म्हणत आई लेकरू आणते. पहिली तपासणी फुकट असते: कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. लेकरू आईच्या मांडीवर शांत असलं पाहिजे. रडत असलं तर थांबायचं. दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास भरले की धोक्याची घंटा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. ते काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दाईला जमतं ते शिकलेल्या सिस्टरला का जमू नये? जमतं. पण तीस खाटांच्या रात्रीत पूर्ण मिनिट कोणी मोजत नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. मीही गुणलंय. लहान लेकरू एकसारखा श्वास घेत नाही, त्यामुळे त्या गुणाकारात चूक राहते, हे ठाऊक असूनही गुणलंय.

आता माझ्या हातून घडलेली मोठी चूक सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. कोणत्याही तालुक्याचं घाला, फरक पडणार नाही. संध्याकाळी एक दोन वर्षांची पोरगी आली. ताप, डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागून पुरळ उतरत होतं. घरच्यांनी ‘माता आली’ म्हणून तीन दिवस उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला होता. गोवर आहे हे मला दारातच कळलं. वेगळी खोली होती, पण तिच्यात फाटक्या गाद्या, औषधांची रिकामी खोकी आणि मोडकं वजनयंत्र. ती रिकामी करायला माणूस नव्हता. मी पोरीला वॉर्डातच, भिंतीकडच्या खाटेवर घेतलं. दोन खाटा सोडून हगवणीचं एक लेकरू होतं, आठ महिन्यांचं. गोवरची लस नवव्या महिन्यानंतर. ते अजून तिथवर पोचलंच नव्हतं.

गोवरचं माणूस खोलीतून गेलं तरी हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. दोन खाटा म्हणजे काहीच नाही. हगवणीचं लेकरू बरं होऊन हसत घरी गेलं. दुसरा आठवडा सरता सरता परत आलं. आता ताप, पुरळ आणि पोट उडत होतं. अमरावतीला पाठवावं लागलं. वाचलं. पण जाताना त्याच्या आईनं रागावून नाही, खरोखर न कळून विचारलं, ‘बाई, हे त हगवणीसाठी आलं होतं न?’

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. खोकी मी स्वतः उचलून बाहेर फेकायला हवी होती, हे तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण ती खोली एका सिस्टरच्या पश्चात्तापावर रिकामी राहत नसते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि मग भिवंडी-मालेगावकडे गोवर उसळला, तेव्हा विलगीकरण हा शब्द पुन्हा पेपरात आला. कोविडनंतर आपण तो विसरलो नसू असं मला वाटलं होतं.

त्याच वर्षी जुलैत आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा झाला. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि काही जण जिवानिशी गेले. अशा वेळी गाड्या धावतात, पथकं येतात, मंत्री येतात. साथ ओसरली की पथकं जातात. पण गावात रोजची हगवण असतेच, आणि तिच्यासाठी पथक नसतं, तालुक्याची रात्रपाळी असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लेकरांच्या साथरोगांत आपल्याकडे औषधाची टंचाई फारशी नाही. ओआरएस आहे, झिंकच्या गोळ्या आहेत, गोवरच्या लेकराला द्यायचं जीवनसत्त्व अ आहे, लस आहे. तोटा आहे तो हातांचा आणि त्या हातांना लागणाऱ्या वेळेचा. आणि आपण मोजतो काय, तर खाटा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे, वर रजेसाठी तीस टक्के जादा. हा निकष वाचून दाखवला की तालुक्याच्या वॉर्डातल्या पोरी हसतात. भरती होत नाही, झाली तर कंत्राटी, आणि कंत्राटी पोरगी काम शिकून तयार होईस्तोवर दुसरीकडे निघून जाते. पैसा नाही, हे उत्तर मी पुष्कळ ऐकलंय. मग त्या लेकराला अमरावतीला पाठवण्याची गाडी, तिथला दहा दिवसांचा ऑक्सिजन, हा खर्च कोणत्या खिशातून गेला?

पदं भरायला वर्षं लागतील, समजू शकते. दोन गोष्टींना मात्र वर्षं लागत नाहीत. पहिली, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात चार खाटांची एक खोली, दोन बाजूंनी खिडक्या उघडणारी, स्वतःचा नळ आणि साबण असलेली. तिच्यात गाद्या आणि खोकी ठेवायला लेखी मनाई हवी. दुसरी गोष्ट आईची. कुपोषित लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलं, तर सोबतच्या आईला जेवण मिळतं आणि बुडीत मजुरीही मिळते, कारण आई थांबली नाही तर लेकरू सुधारत नाही, हे शासनानं तिथं मान्य केलंय. मग हगवणीच्या, न्यूमोनियाच्या, गोवरच्या लेकराच्या आईला तेच का नाही? कापूस वेचणीच्या दिवसांत किलोमागं पैसे मिळतात. ‘सिस्टर, सुट्टी द्या, वेचणी बुडते’ म्हणत आया हातापाया पडतात आणि अर्ध्या बऱ्या झालेल्या लेकराला घेऊन जातात. झिंक चौदा दिवस द्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. आई बेफिकीर नसते. तिच्यापुढे दोन हिशेब असतात आणि त्यातला एक चुलीचा असतो.

गाडगेबाबांचं शेंडगाव इथून जवळच, अंजनगाव सुर्जी तालुक्यात. आमच्याकडे दर २० डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, खराटे निघतात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण बाबांनी मुंबईला जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळाही उभी केली. शाळा न शिकलेल्या त्या माणसाला कळलं होतं की रुग्ण एकटा येत नाही, आणि सोबत आलेल्याला टेकायला जागा नसेल तर रुग्णाचीही सेवा होत नाही. आमच्या वॉर्डात आई अजूनही लेकराच्या खाटेखाली, फरशीवर, डोक्याखाली पिशवी घेऊन झोपते. तिला दर दोन मिनिटांनी उठायचं असतं.

पुढच्या आढावा बैठकीत खाटा किती भरल्या हे जरूर विचारा. त्यासोबत एवढंही विचारा की रात्री दोन वाजता या वॉर्डात चमचा कोणाच्या हातात होता, आणि ती संध्याकाळी जेवली होती का.