गाड्या कोणाच्या?

युरोपात फिरायला गेलं की माझा आणि बायकोचा एक तह ठरलेला असतो. दोन चर्च आणि एक राजवाडा तिचा, एक जुन्या गाड्यांचं म्युझियम माझं. ती दरवेळी विचारते, "एवढे पैसे खर्चून पार्किंग बघायला आलो का आपण?" आणि खरं सांगू का, बऱ्याचदा तिचं बरोबर असतं. चकचकीत गाडी, पुढे पाटी, पाटीवर साल आणि हॉर्सपॉवर. तासाभरानं मीसुद्धा जांभया द्यायला लागतो.

यावेळी मात्र तिनेच मला बाहेर पडू दिलं नाही.

बाझलहून ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत फ्रान्समधलं म्युलूझ येतं. तिथे एका जुन्या लोकरीच्या गिरणीत चारशेहून जास्त गाड्या मांडल्या आहेत. बुगाटीनं 'रोयाल' नावाच्या फक्त सहा गाड्या बनवल्या, त्यातल्या दोन इथे. इंजिन १२.७ लिटरचं. म्हणजे आपल्या मारुती ८०० ची सोळा इंजिनं एकत्र केली की होईल तेवढं!

पण खरी गोष्ट गाड्यांची नाहीच. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे भाऊ गिरणीमालक. फ्रिट्झला बुगाटीचं वेड. १९६० च्या दशकात त्यांनी जमेल तिथून गाड्या उचलल्या आणि गुपचूप या गिरणीत आणून दुरुस्त करून ठेवल्या. पुढे कापडधंद्यावर मंदी आली. १९७६ मध्ये गिरण्या बुडाल्या आणि भाऊ सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगार आत घुसले. बघतात तर काय, ओळीनं बुगाटी आणि त्यांच्यावर पॅरिसच्या पुलावरच्या दिव्यांची नक्कल केलेले शेकडो दिवे!

कामगारांनी जवळपास दोन वर्षं ती जागा ताब्यात ठेवली आणि लोकांसाठी दारं उघडली. १९७८ मध्ये सरकारनं संग्रहाला वारसा म्हणून संरक्षण दिलं, त्यामुळे तो फुटला नाही. १९८२ च्या जुलैमध्ये तिथे रीतसर म्युझियम सुरू झालं.

१९८२. हा आकडा वाचला आणि मी तिथेच थांबलो. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप पुकारला. माझे आजोबा त्यातले एक. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आज परळला गिरणीच्या जागी मॉल आहे. मी तिथे शनिवारी कॉफी प्यायला जातो. आजोबा कुठल्या खात्यात होते, हे मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. आता विचारायला ते नाहीत.

आता कोणी म्हणेल, भावांना वेड नसतं तर निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. मान्य! वेडाशिवाय असा संग्रह होत नाही. पण वेडाचा खर्च कोणीतरी भरत असतो, आणि त्याचं नाव गाडीपुढच्या पाटीवर नसतं. म्हणून माझं मत असं की परदेशात गेलात तर गाड्यांची म्युझियम जरूर बघा, पण गाडीबरोबर इमारतसुद्धा बघा. इथे आधी काय होतं, ते बंद का पडलं, त्या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारा. हॉर्सपॉवर काय, इंटरनेटवर घरबसल्या मिळतो.

आणि हाच प्रश्न आपल्या गावातल्या मॉलमध्येही विचारा. तिथे तर तिकीटही लागत नाही.

असो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाबांना फोन केला. म्हटलं, आजोबा कुठल्या खात्यात होते हो? बाबा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "साचा खात्यात. का रे, आज अचानक?"