तक्त्यातील वेगळ्या ओळी

तांब्याच्या कळशीतील पाणी पिण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. तांब्याचा जो गुण कळशीतील जंतूंना आवर घालतो, त्याच गुणासाठी जहाजांच्या तळाला तांबेयुक्त रंग लावतात. मग तेथे शेवाळ व शिंपले चिकटत नाहीत. परंतु रंग झिजतो आणि ते तांबे बंदराच्या पाण्यात उतरते.

शेवाळ हाही जीव आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. सागरातील सूक्ष्म शैवाल डोळ्यांना दिसत नाही, पण पृथ्वीवरील सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण तेच करते. तांबे, जस्त त्यालाही लागतात, मात्र अत्यल्प. मात्रा वाढली की हरितद्रव्याचे काम बिघडते. त्यात पाणी तापले तर पेशीचे व्यवहार वेगाने होतात आणि धातूही अधिक वेगाने आत शिरतो. किंचित ऊब काही जातींना मानवते, हे खरे. पण उष्ण कटिबंधातील पुष्कळ जाती आधीच सहनशक्तीच्या कडेवर जगतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जामीनदार एक, कर्जे दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर मंजूर.

ही मंजुरी पाहावयाची असल्यास पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सांडपाण्याचा सर्वसाधारण तक्ता वाचावा. तांबे लिटरला ३ मिलिग्रॅम, नदी असो वा समुद्र. जस्त नदीत ५, समुद्रात मात्र १५! तापमानाची ओळ निराळी: ज्या पाण्यात सोडायचे, त्याहून ५ अंशांपेक्षा अधिक नको. एक ओळ दुसरीची विचारपूस करीत नाही.

नागपूरकरांचा समुद्राशी काय संबंध? नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला. कोळशाच्या राखेत पारा, शिसे, आर्सेनिक यांचे अंश असतात. सारेच समुद्रापर्यंत जात नाही, वाटेतील गाळातही बसते; पण तेथेही शैवाल आहेच, आणि आपला मे महिना कसा असतो ते आपण जाणतो.

हिंगणा वा बुटीबोरीस ज्यांचे प्लेटिंगचे कारखाने आहेत, त्यांनी सांडपाण्याच्या अहवालातील नमुना कोणत्या महिन्याचा, एवढे पाहावे. भर उन्हाळ्यातील नमुना स्वतःहून वेगळा तपासून घेण्यास कायद्याची मनाई नाही.