आधी नदी धुवा, मग पाय

आषाढी वारीत माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. अख्खं पुणं लोटतं. चौकाचौकांत मांडव, फ्लेक्स, केळी, राजगिऱ्याचे लाडू. वारकऱ्यांचे पाय धुवायला, चेपायला माणसं रांगेत उभी. ही सेवा खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण वारकऱ्याचा एवढा कळवळा असणाऱ्या शहराने त्याच्या नदीचं काय केलंय, ते एकदा आळंदीला जाऊन बघावं.

ज्या गावी १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तिथल्या घाटावर आज आधी वास येतो. बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग. वारा सुटला की त्याचे गोळे पायऱ्यांवर येऊन पडतात. हा फेस साबणाचा, रसायनांचा, प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याचा. मराठवाड्यातून आलेली एक आजी मी तिथे पाहिली. तिने हाताने फेस बाजूला सारला, डोळे मिटून चूळ भरली आणि नातवंडांसाठी बाटली भरून घेतली. “माउलीचं तीर्थ हाय, त्याला काय व्हतंय?” तिच्या श्रद्धेला नावं ठेवणारा मी कोण? गुन्हेगार आहेत ते तिच्या बाटलीत विष भरणारे.

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीला येईपर्यंत गावं, सोसायट्या, कारखाने आपापले नाले तिच्यात सोडतात. तुळापूरला ती भीमेला मिळते. पुण्याची घाण वाहणारी मुळा-मुठाही पुढे रांजणगाव सांडसला भीमेतच जाते. भीमा उजनीत, उजनीखालून पंढरपुरात. तिथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे पालखीच्या आधी आपली गटारं पंढरीच्या वाटेला लागतात, तीही बारा महिने. ज्याचे पाय नाना पेठेत धुतले, त्यालाच पुढे आपल्या मैल्यात बुडी मारायला लावायची, याला सेवा म्हणायची मला लाज वाटते.

काठावर दगडी पदपथ बांधून नदी स्वच्छ होत नाही. घाण पाण्यात जायची थांबली तरच होते. दरवर्षी वारीच्या तोंडावर आश्वासनं मिळतात, पालखी दिवे घाट चढली की सगळं थंड.

पुणेकरांनो, पुढच्या आषाढीला मांडव घालण्याआधी आपल्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं ते विचारा. सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी बंद असेल तर वर्गणीतून आधी तो चालू करा. आणि पालखीच्या स्वागताच्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो असतात, त्यांच्याकडे नाल्यांचा हिशेब मागा.